न दुखणारी गाठ

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस व्यापाऱ्याच्या घरात कोणी आजारी पडायचे नसते, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. मालाच्या गाठी फुटत असतात, वसुलीला माणसे निघालेली असतात, पूजनासाठी नव्या वह्या यायच्या असतात. अशाच एका दिवाळीच्या तोंडावर अकोल्याला माझ्या मोठ्या चुलतभावांनी मला आपल्या डाव्या मांडीवरची गाठ दाखवली. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. त्यांचे कापडाचे दुकान आहे आणि नोकरीनिमित्त माझे बिऱ्हाड अमरावतीला. मी बँकेत अधिकारी असल्यामुळे कागदपत्रांपासून औषधोपचारापर्यंत प्रत्येक बाबतीत माझे मत घेण्याची घरातली रीत होती. गाठ सुपारीएवढी होती. मी विचारले, “दुखते का?” दादा म्हणाले, “मुळीच नाही.” मी म्हणालो, “मग दिवाळी होऊ द्या.”

दिवाळी झाली. मग लग्नसराई आली, तिच्यात धाकट्या पुतणीचे लग्नही झाले. उन्हाळ्यात गाठ मोठ्या लिंबाएवढी झाली होती आणि दुकानात गादीवर बसताना ती दादांना जाणवू लागली होती. एका छोट्या दवाखान्यात दाखवले. चरबीची गाठ आहे, जागा बधिर करून अर्ध्या तासात काढता येईल, असे सांगण्यात आले. तशी ती काढलीही. काढलेली गाठ तपासणीला पाठवायची का, असा प्रश्न निघाला, तेव्हा मीच म्हणालो, “चरबीच आहे म्हणतात, तर उगाच खर्च कशाला?” गाठ टोपलीत गेली. आठ महिन्यांनी त्याच व्रणाखाली ती पुन्हा उगवली आणि या वेळी ती वेगाने वाढत होती.

पुढे दादांना काय भोगावे लागले ते ओघाने येईलच. त्या दिवसांत डॉक्टरांकडून जे ऐकले, नंतर जे वाचले आणि समजून घेतले, ते आपल्या समाजातील कुटुंबांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा उद्देश आहे. मी वैद्य नाही. कोणत्या गाठीवर कोणते औषध, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र कोणत्या क्रमाने पावले टाकावीत आणि कोणता कागद हाती असल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे सांगण्याइतका अनुभव आता नक्कीच गाठीशी आहे.

शंभरात एक

आपल्या शरीरात हाडे आणि आतली इंद्रिये सोडली, तर उरलेला बराचसा भाग चरबी, स्नायू, स्नायुबंध, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी बनलेला असतो. वैद्यकशास्त्र यांना मृदू ऊती म्हणते. यांच्यात ज्या गाठी होतात, त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, ही तर घरोघरी आढळते. अशा सुमारे शंभर साध्या गाठींमागे एखादीच गाठ कर्करोगाची निघते. तिला सार्कोमा म्हणतात. प्रौढांना होणाऱ्या सर्व कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचे प्रमाण जेमतेम १ टक्का आहे. तो शरीरात कोठेही होऊ शकतो, पण हातापायांत, आणि त्यातही मांडीत, तो अधिक दिसतो. त्याचे पन्नासाहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

ही दुर्मिळताच घातक ठरते. गावातल्या डॉक्टरांच्या हाताखालून शेकडो लायपोमा जातात. सार्कोमा मात्र सबंध कारकिर्दीत दोन-चार वेळाच समोर येतो. त्यामुळे समोरची गाठ साधीच आहे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबरही ठरतो. म्हणून मी दादांच्या पहिल्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण ज्या एका वेळी अंदाज चुकतो, त्या वेळी त्याची किंमत रुग्णाला पायाने मोजावी लागू शकते.

दुसरी अडचण वेदनेच्या अभावाची. सार्कोमा सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ताप नाही, भूक मंदावणे नाही, वजन घटणे नाही. आपण व्यापारी माणसे दुखणाऱ्या गोष्टीकडे आधी धावतो आणि न दुखणारी उद्यावर टाकतो. शिवाय अनेकांना गाठ प्रथम जाणवते ती कोठेतरी आपटल्यावर. मग मार लागून रक्त साकळले असावे, असे समजून शेक, लेप आणि मालिश यांत महिने जातात. माराने सार्कोमा होतो असे सिद्ध झालेले नाही. मारामुळे आपले लक्ष तिकडे जाते, इतकेच. मुक्या मारामुळे आलेली सूज काही आठवड्यांत उतरायला हवी. ती उतरत नसेल किंवा वाढत असेल, तर मालिश थांबवावी आणि तपासणी करून घ्यावी.

चार प्रश्न

हातापायावर किंवा अंगावर गाठ दिसली, की घरच्या घरी चार प्रश्न विचारता येतात. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा, मोठी आहे का? ती वाढते आहे का? ती कातडीखाली सहज सरकते, की खोलवर स्नायूत रुतल्यासारखी लागते? आणि पूर्वी काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा आली आहे का? यांतल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तरी ती गाठ नीट तपासल्याशिवाय कापू नये. वाढणारी गाठ दुखू लागली, तर तेही लक्षण गंभीरपणे घ्यावे. होकार आला म्हणजे कर्करोग झालाच असे मुळीच नाही. कित्येकदा शेवटी ती खोल बसलेली साधी गाठ, क्षयाचा थंड गळू किंवा मज्जातंतूवरची निरुपद्रवी गाठ निघते. पण ते ठरवायचे ते अहवाल पाहून. बोटांनी चाचपून नव्हे.

दादांच्या गाठीला पहिल्या दिवाळीत यांपैकी एकही प्रश्न लागू नव्हता. उन्हाळ्यात त्यांतले दोन लागू झाले होते. तेव्हा हे प्रश्न आम्हाला ठाऊक असते, तर पुढचे बरेच टळले असते.

आधी चित्र, मग सुई, मग शस्त्र

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. लहान आणि वरवरच्या गाठीला बहुधा सोनोग्राफी पुरते. गाठ मोठी किंवा खोल असेल, तर त्या भागाचा एमआरआय काढतात. त्यावरून गाठ कोणत्या स्नायूत आहे आणि मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू तिच्यापासून किती अंतरावर आहेत हे कळते. त्यानंतर जाड सुईने गाठीतले बारीक दोऱ्यासारखे तुकडे काढतात. याला कोअर बायोप्सी किंवा ट्रूकट बायोप्सी म्हणतात. अगदी बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची एफएनएसी नावाची तपासणी गावोगावी होते. पण सार्कोमाचा नेमका प्रकार आणि त्याची तीव्रता ठरवायला ती सहसा अपुरी पडते. रोग निश्चित झाला, की छातीचे सीटी स्कॅन करतात, कारण सार्कोमा पसरला तर बहुधा प्रथम फुप्फुसांत जातो.

एमआरआय सुईच्या आधी काढावा, कारण सुई टोचल्याने आत रक्त साकळले तर चित्र अस्पष्ट होते. आणि सुई कोठे टोचायची हे शक्यतो पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवावे, कारण सुईचा मार्गही शस्त्रक्रियेत गाठीबरोबर काढून टाकायचा असतो. म्हणूनच हातापायावरचा छेदसुद्धा आडवा न घेता अवयवाच्या लांबीच्या दिशेने घेतात.

आपल्या घरांतून हमखास ऐकू येणारे एक वाक्य म्हणजे, “सुई लावली की गाठ चिघळते आणि रोग पसरतो.” या भीतीपोटी लोक बायोप्सी टाळतात आणि थेट गाठ काढून घेतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. योग्य जागी केलेल्या सुईच्या बायोप्सीने रोग पसरण्याचा धोका अत्यल्प असतो. निदानाशिवाय केलेली शस्त्रक्रिया मात्र रोगाला आजूबाजूच्या निरोगी भागात वाट करून देऊ शकते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबत जातो आणि त्याच्याभोवती टरफलासारखे एक आवरण तयार होते. शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ त्यातून सुटून येते. शस्त्रवैद्याला वाटते, गाठ पूर्ण निघाली. नातेवाइकांनाही तसेच वाटते. परंतु त्या टरफलात आणि त्याच्या बाहेरही रोगाच्या पेशी असतात, आणि त्या मागे राहतात. म्हणून सार्कोमा काढताना टरफलाला हात न लावता, भोवतीच्या निरोगी ऊतींच्या वेष्टनासकट तो एकसंध काढावा लागतो. पहिलीच शस्त्रक्रिया अशी झाली, तर अवयव वाचण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. अर्धवट झाली, तर दुसऱ्या वेळी पहिला व्रण, आत साकळलेल्या रक्ताची जागा आणि निचऱ्याच्या नळीचे छिद्र, असे सारेच काढावे लागते.

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद हेन्री मँकिन यांनी १९८२ साली हाडांच्या आणि मृदू ऊतींच्या गाठी असलेल्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला होता. त्यांतील १५ जणांचा अवयव केवळ बायोप्सी चुकीच्या पद्धतीने झाल्यामुळे विनाकारण कापावा लागला होता. बायोप्सी उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या ठिकाणी झाली असेल, तर अडचणी कित्येक पटींनी वाढलेल्या दिसल्या. १९९६ साली त्यांनी ५९७ रुग्णांचा असाच आढावा पुन्हा घेतला, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. प्रगत देशातील ही स्थिती पाहिली, की ही चूक केवळ आपल्या वऱ्हाडातलीच नाही हे ध्यानात येते.

परळचा रस्ता

संध्याकाळी अमरावतीहून सुटणारी मुंबई एक्स्प्रेस वऱ्हाडातल्या रुग्णांना चांगली परिचित आहे. मी अमरावतीला गाडीत बसलो, रात्री दादा आणि पुतण्या अकोल्याला चढले. सकाळी आम्ही परळला टाटा स्मारक रुग्णालयात होतो. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात हाडांच्या आणि मृदू ऊतींच्या गाठींसाठी स्वतंत्र पथक आहे. तेथे शस्त्रवैद्य, किरणोपचार करणारे, औषधोपचार करणारे, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून एकेका रुग्णाचा विचार करतात. अशा दुर्मिळ रोगात एका माणसाच्या मतापेक्षा ही बैठक मोलाची असते.

तेथे आम्हाला अगदी सुरुवातीला विचारलेला प्रश्न होता, “पहिल्या गाठीचा अहवाल कोठे आहे?” आमच्याजवळ तो नव्हता. शस्त्रक्रियेची टिपणे नव्हती आणि आधीचा एमआरआय तर काढलेलाच नव्हता. तीस वर्षांहून अधिक काळ मी कर्जप्रकरणे तपासली. सातबारा, शोध अहवाल, मूल्यांकन यांतला एक कागद कमी असला तरी मी सही केली नाही. आणि माझ्या भावाच्या मांडीतली गाठ मी एकाही कागदाशिवाय टोपलीत जाऊ दिली होती. त्या खिडकीसमोर मला दादांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

सगळ्या तपासण्या झाल्या. सुदैवाने फुप्फुसे स्वच्छ होती. शस्त्रक्रियेत मांडीच्या स्नायूंचा मोठा भाग काढावा लागला, जखम झाकायला दुसरीकडची कातडी लावावी लागली आणि त्यानंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. पाय वाचला. पहिल्याच वेळी योग्य क्रमाने गेलो असतो, तर बहुधा एवढा स्नायू द्यावा लागला नसता.

पाय वाचवता येतो, हे सांगितल्यावर आजही अनेकांना खरे वाटत नाही. एके काळी हातापायाच्या सार्कोमावर अवयव कापणे हाच मुख्य उपाय मानला जाई. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोडतीच्या पद्धतीने २७ जणांचा अवयव राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केले होते आणि १६ जणांचा अवयव कापला होता. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८३ टक्के आणि दुसऱ्या गटात ८८ टक्के आले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. अवयव राखलेल्यांपैकी चौघांना त्याच जागी रोग उलटला, म्हणून पुढे सावधगिरीने तपासण्या करत राहणे आवश्यक, हेही त्याच अभ्यासाने दाखवले. आता बहुतेक रुग्णांचा अवयव राखता येतो. काही प्रकारांत केमोथेरपीचाही उपयोग होतो, विशेषतः मुलांमध्ये आढळणाऱ्या काही सार्कोमांत.

तरीही मुख्य रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना रोगाने वेढले असेल, तर अवयव द्यावा लागतो. तो प्रसंग आला, तर आयुष्य संपले असे समजू नये. पंडित रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर येथे घडवलेला कृत्रिम पाय आज जगभर पोहोचला आहे. श्री. डी. आर. मेहता यांनी १९७५ साली स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवून देते. ज्या संस्थेला आपल्या तीर्थंकरांचे नाव आहे, तिची माहिती गरजूंपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे.

सोय आणि हिशेब

उपचार दूर आहेत, खर्च झेपणार नाही, राहायचे कोठे, या प्रश्नांत अनेक कुटुंबे अडकतात. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे आणि जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईला दादर येथे संत गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्ण व त्यांचे सोबती राहू शकतात. यावलीचे तुकडोजी महाराज आणि शेंडगावचे गाडगेबाबा हे दोघेही आपल्या अमरावती जिल्ह्याचे सुपुत्र. वऱ्हाडचा रुग्ण नागपूरला जावो की मुंबईला, आपल्याच मातीतले कोणीतरी त्याच्यासाठी आधीच उभे आहे. परळला श्री. हरखचंद सावला यांच्या जीवन ज्योत संस्थेकडून रुग्णांना व नातेवाइकांना भोजन मिळते, तेही जाणून घ्यावे.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी, तेव्हाच्या निराळ्या नावाने, ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. आता ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. व्यापाऱ्यांना ही योजना नसते, हा समज आता सोडून द्यावा. मात्र रुग्णालय योजनेत आहे की नाही हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. कर्करुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते. तिचा अर्ज रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. आरोग्य विमा घेताना असलेली गाठ प्रस्तावात लपवू नये. तेवढ्या एका मौनापायी पुढे सारा दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि एक फाइल करावी. तिच्यात एमआरआयची फिल्म किंवा सीडी, बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेचे टिपण आणि डिस्चार्ज कार्ड असावे. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेतून मागून घेता येतात. दुसरे मत घेताना नुसत्या अहवालापेक्षा त्यांचाच उपयोग अधिक होतो, कारण सार्कोमाचा प्रकार ओळखणे अनुभवी विकृतिशास्त्रज्ञालाही कठीण जाते. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, ती कितीही साधी दिसो, तपासणीला पाठवल्याशिवाय टाकू देऊ नये. हा आग्रह रुग्णाच्या नातेवाइकांनी धरावा. तो आपला हक्क आहे.

शेवटी एक गोष्ट संकोचाने लिहितो. आपल्या घरांत असे आजार लपवले जातात. मुलींची लग्ने व्हायची असतात, पेढीची पत जपायची असते. सार्कोमा संसर्गजन्य नाही, आणि बहुतेक सार्कोमा आनुवंशिकही नसतात. क्वचित काही घराण्यांत तशी प्रवृत्ती असते आणि तिच्यासाठी निराळी तपासणी करता येते. लपवल्याने कोणाचे लग्न सुकर होत नाही. रुग्णाचे महिने मात्र वाया जातात. तसेच चातुर्मास, तपश्चर्या किंवा दिवाळीचे हिशेब यांसाठी तपासणी लांबवू नये. देह निरोगी असेल, तर व्रते पुढेही करता येतात.

दादांच्या तपासण्या आता वर्षातून एकदा होतात. पहिली काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी मुंबईला जावे लागे. ते आजही दुकानात जातात, पण त्यांना मांडी घालून बसता येत नाही. स्थानकात सामायिकाला सारे खाली बसतात आणि दादा भिंतीजवळ खुर्चीवर, डावा पाय लांब करून बसतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या संवत्सरीला मी मुद्दाम अकोल्याला गेलो. दरवर्षी आपण शंभर जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, त्यांतल्या कित्येक वेळा ते केवळ ओठांवर असते. त्या दिवशी मी दादांच्या पायाशी बसून ते म्हटले आणि कशासाठी म्हणतो आहे तेही सांगितले. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझे झाले ते झाले. तू हे चार लोकांना सांग.”

म्हणून हे लिहिले.